ओळखीच्या चेहऱ्यावरचा हक्क

२०२४च्या एप्रिलमध्ये राजकुमार रावचा एक फोटो सगळीकडे फिरला. मुंबईत दिलजीत दोसांझच्या कार्यक्रमाला तो गेला होता, तिथला. फोटोत त्याची हनुवटी नेहमीपेक्षा पुढे आलेली आणि टोकदार दिसत होती. बघणाऱ्यांनी लगेच निदान करून टाकलं: शस्त्रक्रिया करून घेतली. त्यावर त्याने सांगितलं की प्लास्टिक सर्जरी केलेली नाही, पण काही वर्षांपूर्वी थोडं फिलर मात्र भरून घेतलं होतं. सुरुवातीच्या काळात त्याच्या दिसण्यावरून फार बोललं जायचं आणि त्याला थोडा आत्मविश्वास हवा होता. पुढच्याच महिन्यात ‘श्रीकांत’ प्रदर्शित झाला, श्रीकांत बोल्ला या अंध उद्योजकाची त्याने केलेली भूमिका लोकांना आवडली, आणि हनुवटीचा विषय मागे पडला.

आयेशा टाकियाच्या बाबतीत तो मागे पडला नाही. २०१७ मध्ये तिचे काही फोटो आले, ओठ आणि चेहरा बदलल्याची चर्चा सुरू झाली. फोटोंत फेरफार केल्याचं तिचं म्हणणं कुणी फारसं ऐकून घेतलं नाही. त्यानंतर कितीतरी वर्षं तिचा एखादा फोटो दिसला की त्याखाली तेच शेरे, तीच हळहळ, तीच शिवीगाळ. २०२४ मध्ये पुन्हा असाच भडिमार झाला, तेव्हा तिने इन्स्टाग्रामवरून काढता पाय घेतला. चित्रपटांतून ती कधीच बाजूला झाली होती. कुणाला तिकीट विकायचं नव्हतं, कुणाकडून मत मागायचं नव्हतं. तरी चेहऱ्याचा हिशेब तिला द्यावा लागला.

हा विषय निघाला की दोन बाजू ठरलेल्या असतात. एक म्हणते, शरीर तिचं, पैसे तिचे, आपण कोण विचारणारे? दुसरी म्हणते, ज्या चेहऱ्यावर नाव आणि पैसा मिळवला, ज्याच्याकडे बघून लाखो मुली आरशासमोर उभ्या राहतात, तो चेहरा एवढा खासगी कसा? दोन्हींत तथ्य आहे आणि दोन्ही बाजू एका गोष्टीपाशी थांबत नाहीत. चेहरा बदलतो तेव्हा बघणाऱ्याच्या मनात नेमकं काय घडतं? माझ्या मते न्याय-अन्यायाची चर्चा तिथून सुरू व्हायला हवी.

चेहऱ्याच्या प्रमाणबद्धतेचे नियम युरोपातल्या चित्रकार-शिल्पकारांकडून शस्त्रक्रियेच्या पुस्तकांत आले. केसांच्या रेषेपासून भुवयांपर्यंत एक भाग, भुवयांपासून नाकाच्या बुडापर्यंत दुसरा, तिथून हनुवटीपर्यंत तिसरा, आणि तिन्ही सारखे. रुंदीत पाच डोळे मावावेत, दोन डोळ्यांमधलं अंतर एका डोळ्याएवढं असावं. टोरांटोचे लेस्ली फारकस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये तरुण माणसांच्या चेहऱ्यांची प्रत्यक्ष मोजमापं घेऊन हे नियम तपासले, तेव्हा कितीतरी माणसांचे चेहरे त्यांत बसत नसल्याचं दिसलं. मोजमापं झाली होती ती उत्तर अमेरिकेतल्या गोऱ्या लोकांची. आपल्याकडच्या चेहऱ्यांना ती पट्टी लावणं तर आणखीच धाडसाचं.

चांगला प्लास्टिक सर्जन म्हणूनच एकेका अवयवापेक्षा त्यांच्या आपसातल्या नात्याकडे बघतो. हनुवटी मागे असेल तर बेताचं नाकही मोठं दिसतं. अशा वेळी नाकाला हात न लावता हनुवटी किंचित पुढे आणली तरी काम होतं. नाकाचा दांडा मुळाशी जास्त तासला तर डोळे एकमेकांपासून लांब गेल्याचा भास होतो, वास्तविक ते जागचे हललेले नसतात. गाल भरून घेतले की समोरून चेहरा तजेलदार दिसतो, पण हसताना तोच गाल वर सरकून डोळे बारीक करतो. फोटोत चांगला दिसणारा चेहरा पडद्यावर बोलू लागला की परका का वाटतो, त्याचं एक कारण हे.

दुसरं कारण बघणाऱ्याच्या डोक्यात आहे. ओळखीचा चेहरा आपण नाक, डोळे, ओठ असा तुकड्यांनी वाचत नाही, एकदम वाचतो. अँडी यंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये ब्रिटनमध्ये केलेला एक प्रयोग मानसशास्त्रात प्रसिद्ध आहे. एका प्रसिद्ध माणसाच्या चेहऱ्याचा वरचा अर्धा भाग आणि दुसऱ्याचा खालचा अर्धा भाग नीट जुळवून ठेवला, तर वरचा अर्धा कुणाचा हे सांगताना लोक अडखळतात. तेच दोन भाग थोडे बाजूला सरकवले की चटकन ओळख पटते. जुळलेल्या चित्रातून डोक्याने तिसराच माणूस तयार केलेला असतो. ओठ बदलले की ‘हिच्या डोळ्यांना काय झालं?’ असं लोक विचारतात, ते यामुळे. डोळे तेच असतात.

हे सगळं एका माणसाच्या बाबतीत कसं घडतं ते बघायचं तर जेनिफर ग्रेचं उदाहरण घ्यावं लागेल. १९८७च्या ‘डर्टी डान्सिंग’ने तिला जगभर नेलं. तिचं नाक ठसठशीत होतं, आणि त्या नाकासकट ती लोकांना आवडली होती. पण धंद्यातल्यांचा सल्ला वेगळा होता: नाक बारीक कर, कामं वाढतील. तिने शस्त्रक्रिया करून घेतली, आणि पहिलीत राहिलेला दोष काढायला दुसरी. दुसरीनंतर आलेलं नाक शस्त्रक्रियेच्या पुस्तकात छापण्याजोगं होतं, सरळ, नाजूक, प्रमाणात. पण एका चित्रपटाच्या पहिल्या खेळाला मायकल डग्लसने तिला ओळखलं नाही. सामान्य प्रेक्षकांनीही नाही. २०२२ मध्ये आलेल्या आत्मचरित्रात तिने हे सविस्तर लिहिलं आहे. ती कुरूप झाली, असं कुणीच म्हणत नव्हतं. ती आता जेनिफर ग्रे वाटत नव्हती, एवढंच, आणि नटीसाठी एवढं पुरेसं होतं.

मला या सगळ्या वादाची किल्ली इथे दिसते. पट्टीवरचा समतोल वेगळा आणि आपल्या आठवणीतला समतोल वेगळा. प्रसिद्ध माणसाचा चेहरा आपण वर्षानुवर्षं पाहिलेला असतो, आपल्या तरुणपणाला, एखाद्या गाण्याला, घरातल्या पहिल्या रंगीत टीव्हीला तो चिकटलेला असतो. तो बदलला की आपलं काहीतरी गेल्यासारखं वाटतं. ही भावना खरी आहे. तिची लाज वाटायचं कारण नाही. चूक पुढच्या पायरीवर होते. आपल्या मनाच्या चुकचुकण्याचं आपण त्या माणसावरच्या आरोपात रूपांतर करतो: ती खोटी आहे, तिला स्वतःची लाज वाटते, पैशासाठी काहीही करते. चेहऱ्यावरून चारित्र्याचा निकाल लावतो.

रेने झेल्वेगरच्या बाबतीत हेच झालं. ऑक्टोबर २०१४ मध्ये ती एका समारंभात दिसली आणि दुसऱ्या दिवशी जगभरच्या वर्तमानपत्रांत तिच्या डोळ्यांची चर्चा होती. २०१६ मध्ये ‘व्हरायटी’त ओवेन ग्लायबरमन या समीक्षकाने प्रश्न केला, की ती स्वतःसारखी दिसत नसेल तर ती वेगळीच अभिनेत्री झाली का? झेल्वेगरने जाहीर लेख लिहून उत्तर दिलं. डोळ्यांवर शस्त्रक्रिया केलेली नाही, हे तिने सांगितलं, पण तो तिचा मुख्य मुद्दा नव्हता. एका बाईच्या दिसण्यावरच्या तर्काला बातमीचा दर्जा मिळतो आणि त्यातून तिची किंमत ठरते, हे तिला सलत होतं. २०२० मध्ये ‘जूडी’साठी तिला ऑस्कर मिळालं. समीक्षकाचा प्रश्न अगदीच निरर्थक नव्हता, नटाचा चेहरा हे त्याचं साधन असतं. पण उत्तर शोधायची जागा तिचा अभिनय होती, तिच्या पापण्या नव्हे.

इथे दुसऱ्या बाजूचं म्हणणंही नीट ऐकायला हवं. बोटॉक्स मज्जातंतूकडून स्नायूला जाणारा निरोप अडवतं. दोन भुवयांच्या मधला स्नायू आखडायचा थांबतो, आठी पडत नाही. परिणाम साधारण तीन-चार महिने टिकतो. पण त्याच स्नायूने माणूस काळजी दाखवतो, संशय दाखवतो, रडू आवरतानाचा ताण दाखवतो. क्लोजअपमध्ये कपाळ हललं नाही तर प्रेक्षकाला प्रसंग पोचत नाही, आणि तसं सांगण्याचा त्याला पूर्ण हक्क आहे. निकोल किडमनने २०१३ मध्ये आपण बोटॉक्स करून पाहिल्याचं आणि पुढे सोडून दिल्याचं सांगितलं, चेहरा पुन्हा हलतोय याचा तिला आनंद होता. नटाने स्वतःच्या साधनाला मुकणं ही अभिनयाची हानी आहे. समीक्षकाने ती लिहावी, पण भूमिकेच्या संदर्भात लिहावी.

शिवाय बदल एका दिवसात होत नाही, हेही ध्यानात घ्यायला हवं. ओठांत भरायचं हायालुरॉनिक अॅसिड काही महिन्यांनी विरत जातं, म्हणून पुन्हा भरावं लागतं. पुन्हा भरताना तुलना होते ती मागच्या वेळच्या चेहऱ्याशी, मूळ चेहऱ्याशी नाही. आमटी सारखी चाखत राहिलं की मीठ कमीच वाटत जातं, तसं हे आहे. जवळच्या माणसांनाही रोज बघून सवय झालेली असते. दोन वर्षांनी चित्रपट येतो आणि प्रेक्षकाला एकदम धक्का बसतो. त्या धक्क्यात तो म्हणतो, ‘हिला कळलं नाही का?’ खरोखरच कळलेलं नसतं. इथे सांगणारा एकच माणूस उरतो, सुई हातात धरलेला डॉक्टर, आणि त्याने नाही म्हणायला शिकणं हा या व्यवसायातला सगळ्यात मोठा गुण मानला पाहिजे.

चेहरा बदलण्यामागे नेहमी हौसच असते, असं समजणंही बरोबर नाही. प्रियांका चोप्राने २०२१च्या ‘अनफिनिश्ड’ या आत्मकथनात आपल्या नाकाची हकीकत सांगितली आहे. मिस वर्ल्ड झाल्यानंतरच्या काळात तिला श्वास घ्यायला त्रास होऊ लागला, नाकात पॉलिप निघाला. तो काढताना डॉक्टरकडून नाकाचा दांडा तासला गेला आणि नाक खचलं. पट्टी निघाली तेव्हा ती आणि स्वतः डॉक्टर असलेली तिची आई, दोघी हादरल्या. मग दुरुस्तीच्या शस्त्रक्रिया. २०२३ मध्ये एका मुलाखतीत तिने सांगितलं, की त्या काळात तीन चित्रपटांतून तिला काढलं गेलं आणि ती नैराश्यात गेली. वर्तमानपत्रांनी तिला ‘प्लास्टिक चोप्रा’ असं नाव देऊन टाकलं होतं. ज्यांनी ते नाव चालवलं त्यांना पॉलिपची कल्पना नव्हती, आणि कुणी चौकशीही केली नव्हती. उपचार आणि सौंदर्य यांच्यातली रेषा बाहेरून दिसत नाही, ती बहुधा रुग्णाच्या कागदपत्रांतच असते.

या रेषेबद्दल बोलताना मराठी वाचकाने पुण्यातली एक घटना आठवायला हवी. ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझीन’मध्ये एक पत्र छापून आलं. इंग्रजी फौजेतला कावसजी नावाचा बैलगाडीवान टिपूच्या लढाईत कैद झाला, त्याचं नाक आणि हात कापण्यात आला. पुढे पुण्याजवळ वीटभट्टीचं काम करणाऱ्या जातीतल्या एका माणसाने त्याला नवं नाक करून दिलं. मुंबई इलाख्यातल्या टॉमस क्रूसो आणि जेम्स फिंडले या दोन इंग्रज वैद्यांनी ते काम डोळ्यांनी पाहिलं. आधी मेणाची पातळ पट्टी उरलेल्या नाकावर बसवून आकार घेतला. ती पट्टी सपाट करून कपाळावर ठेवली, भोवती रेघ ओढली, तेवढी कातडी सोडवली, फक्त दोन भुवयांमधला चिंचोळा भाग जोडलेला ठेवला, म्हणजे रक्त चालू राहील. मग कातडी पिळून खाली वळवली, खाचेत बसवली आणि वर पाण्यात कालवलेल्या काताचा लेप दिला. जोडाचा भाग जवळपास पंचवीस दिवसांनी तोडला. पुण्यात पेशव्यांच्या दरबाराची चित्रं काढणाऱ्या जेम्स वेल्सने कावसजीचं चित्र रंगवलं. ते पत्र वाचून लंडनच्या जोसेफ कार्पूने या पद्धतीचा ध्यास घेतला, १८१४ मध्ये त्याने तशी शस्त्रक्रिया केली, १८१६ मध्ये पुस्तक लिहिलं, आणि आजची नाकाची शस्त्रक्रिया युरोपात रुजली.

नाक कापलेला माणूस श्वास घेऊ शकत होता, जेवू शकत होता. त्याच्याकडून काढून घेतलेली गोष्ट होती चारचौघांत उभं राहण्याची. त्या अनामिक पुणेकर कारागिराने ती परत दिली, आणि तिला कुणी ‘वरवरचं’ म्हणत नाही. मग दिसण्यामुळे कामं नाकारली गेलेल्या नटाने चारचौघांत उभं राहता यावं म्हणून केलेला उपाय आपोआप क्षुद्र कसा ठरतो? दोन्हींत अंतर आहे, मोठं आहे. कावसजीवर जुलूम झाला होता, नटावर दबाव असतो. पण दबाव हाही बाहेरूनच येतो. पन्नाशीच्या नायकासमोर विशी-पंचविशीची नायिका उभी करणारे निर्माते, विमानतळावर पहाटेही कॅमेरे रोखून उभे असणारे छायाचित्रकार, आणि ‘किती म्हातारी दिसायला लागली’ असं सहज म्हणणारे आपण, हे सगळे त्या दबावात आहोत.

ज्याला आपण ‘नैसर्गिक’ म्हणून शाबासकी देतो, तेही तपासून पाहिलं पाहिजे. मायकल रायली आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये अमेरिकेत ३० गोऱ्या स्त्रियांचे चेहऱ्यावरच्या शस्त्रक्रियेच्या आधीचे आणि नंतरचे फोटो अनोळखी लोकांना दाखवले. नंतरच्या फोटोंतल्या स्त्रिया त्यांना जास्त आवडण्याजोग्या, माणसांत मिसळणाऱ्या वाटल्या. एकही स्वभाव बदललेला नव्हता. म्हणजे बेमालूम झालेली शस्त्रक्रिया आपल्याला दिसत नाही, ती आपण त्या माणसाच्या गुणांत जमा करतो. दिसून येणारी शस्त्रक्रिया दोषांत जमा होते. ‘वय किती छान स्वीकारलंय’ असं आपण ज्यांच्याबद्दल म्हणतो, त्यांतल्या काहींचा डॉक्टर फक्त जास्त निष्णात असू शकतो. तेव्हा शिक्षा होते ती फसलेल्या कामाला, आणि आपण मात्र ती नीतीच्या नावाने देतो.

लोकमत कायमचं नसतं, ही त्यातल्या त्यात दिलासा देणारी गोष्ट. २०१४ मध्ये अनुष्का शर्माच्या ओठांवरून गदारोळ झाला. तेव्हा तिने शस्त्रक्रिया नाकारली. दोन वर्षांनी मात्र ‘बॉम्बे व्हेल्वेट’मधल्या जॅझ गायिकेच्या भूमिकेसाठी ओठांवर उपचार केल्याचं तिने स्वतःहून मान्य केलं. मधल्या काळात ‘एनएच १०’ येऊन गेला होता, आणि त्यात तिच्या ओठांकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. श्रीदेवीच्या नाकाबद्दल वर्षानुवर्षं बोललं गेलं. तरी २०१२ मध्ये ‘इंग्लिश विंग्लिश’मधली पुण्याची शशी गोडबोले लाडू वळू लागली तेव्हा मराठी घरांनी तिला आपली म्हणून स्वीकारलं. तीच श्रीदेवी फेब्रुवारी २०१८ मध्ये दुबईत गेली, तेव्हा मृत्यूच्या बातमीसोबत तिच्या कथित शस्त्रक्रियांच्या याद्या फिरल्या. दुबईच्या अधिकाऱ्यांनी शुद्ध हरपून बुडाल्याने अपघाती मृत्यू झाल्याचं सांगितलं. याद्या करणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी त्या मागे घेतल्या.

मग प्रसिद्ध माणसाने काहीच सांगायचं नाही का? एका ठिकाणी सांगितलंच पाहिजे, आणि त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. अमेरिकी टीव्ही तारका कायली जेनरचे ओठ अचानक भरले तेव्हा ती लिप लायनरची करामत असल्याचं सांगत होती. एप्रिल २०१५ मध्ये तिच्यासारखे ओठ व्हावेत म्हणून कोवळ्या मुली छोट्या ग्लासात ओठ घालून हवा ओढून घेत होत्या, काळेनिळे ओठ घेऊन फोटो टाकत होत्या. पुढच्या महिन्यात तिने फिलर घेतल्याचं कबूल केलं. त्याच वर्षाच्या अखेरीस तिने ओठ रंगवायचे संच विकायला काढले आणि ते हातोहात संपले. ती तेव्हा सतरा-अठरा वर्षांची, तिच्यावर सगळा दोष टाकणं योग्य नाही. तिच्याभोवतीचा कारभार प्रौढांचा होता. खासगी गोष्ट खासगी ठेवायला कुणाची हरकत नसावी. पण खोटं कारण पुढे केलं की ज्यांना खरं ठाऊक नाही त्यांच्या शरीरावर त्याची किंमत वसूल होते.

इंग्लंडने ऑक्टोबर २०२१ पासून अठरा वर्षांखालच्यांना सौंदर्यासाठी बोटॉक्स आणि फिलर द्यायला बंदी केली. फ्रान्सने २०२३ मध्ये समाजमाध्यमांवरच्या इन्फ्लुएन्सरना सौंदर्य शस्त्रक्रियेचा प्रचार करायला मनाई केली. आपल्याकडे २०२२च्या फसव्या जाहिरातींविरुद्धच्या मार्गदर्शक सूचनांनुसार जाहिरात करणाऱ्या प्रसिद्ध व्यक्तीचं मत प्रामाणिक असावं लागतं, आणि जाहिरातदाराशी असलेलं नातं जाहीर करावं लागतं. त्यात एक भर घालायला हवी: त्वचा, ओठ किंवा चेहऱ्याच्या उत्पादनाची जाहिरात करणाऱ्याने त्याच अवयवावर वैद्यकीय उपचार घेतले असतील तर ते जाहिरातीत लिहिलं जावं. नाटक, चित्रपट, मुलाखत, लग्नाचे फोटो यांतल्या चेहऱ्याचा खुलासा मागू नये. भूमिकेत नट चेहरा वापरतो, जाहिरातीत तो चेहऱ्याचं कारण विकतो.

आपल्या वर्तमानपत्रांनी आणि संकेतस्थळांनी शेजारी शेजारी लावलेले ‘आधी’ आणि ‘नंतर’चे फोटो तातडीने बंद करावेत. त्या फोटोंत लेन्स वेगळी, अंतर वेगळं, प्रकाश वेगळा, वय वेगळं असतं. प्लास्टिक सर्जन बोरिस पास्कोव्हर यांनी २०१८ मध्ये गणिताने दाखवलं होतं, की सुमारे १२ इंचांवरून काढलेल्या सेल्फीत नाक ५ फुटांवरून काढलेल्या फोटोपेक्षा जवळजवळ ३० टक्के रुंद दिसतं. अशा दोन फोटोंवरून शस्त्रक्रियेचा निष्कर्ष काढणं कुठल्याही डॉक्टरला शोभणार नाही. तरी अशा बातम्यांत तपासणी न करता मत देणारे डॉक्टर सापडतात. ज्या माणसाला त्यांनी तपासलेलं नाही त्याच्या चेहऱ्याबद्दल त्यांनी जाहीर बोलू नये, एवढा नियम त्यांच्या संघटनांनी आपल्या सदस्यांना घालून द्यावा. त्यासाठी नवा कायदा लागत नाही.